लोंढा, ओघ, प्रवाह : निर्वासितांच्या चित्रणातील रूपकांचा आढावा

15 नोव्हेंबर 1971 नंतर अमरावतीजवळच्या वलगावातून कुणाला पाकीट पाठवायचे असेल, तर नेहमीच्या तिकिटाशेजारी पाच पैशांचे आणखी एक तिकीट लावावे लागे. नियम अर्थात देशभराचा होता. पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसे भारतात आली होती आणि त्यांच्या मदतीसाठी केंद्र सरकारने टपालावर हा कर बसवला होता. नवे तिकीट काढायला सवड नव्हती, म्हणून सुरुवातीला कुटुंबनियोजनाचा प्रचार करणाऱ्या पाच पैशांच्या तिकिटावरच ‘शरणार्थी सहायता’ अशी अक्षरे उमटवली गेली. त्यामुळे आटोपशीर, सुखी कुटुंबाचे सरकारी चित्र आणि त्यावर घर सुटलेल्यांसाठी मागितलेले पाच पैसे असा चमत्कारिक मेळ काही आठवडे घरोघरी पोचत राहिला. डिसेंबरात निर्वासितांचे चित्र असलेले वेगळे तिकीट निघाले. मार्च 1973 अखेर कर उठला.

निर्वासितांसाठी काढलेले कुठलेही पत्रक किंवा जाहिरात इतक्या मराठी घरांत गेली असेल असे वाटत नाही. ते छोटे तिकीट ज्या प्रश्नाशी आपल्याला नेऊन सोडते, त्याचा हा आढावा आहे. मदत मागणारा मजकूर निर्वासिताला कशाच्या रूपात दाखवतो आणि त्या रूपामुळे वाचणाऱ्याच्या मनात कोण उभे राहते? गेली चाळीसेक वर्षे भाषाशास्त्र, मानववंशशास्त्र, मानसशास्त्र आणि मदतसंस्थांचे प्रत्यक्ष काम अशा चार अंगांनी यावर वाद चालू आहे. त्यातले बरेचसे लेखन युरोप-अमेरिकेतले आहे. आपल्याकडचा अनुभव मात्र त्याहून कमी नाही, तो त्या वादात आणून ठेवलेला नाही इतकेच.

वाद कुठून आला

उपासमारीने पोट फुगलेल्या मुलाचे छायाचित्र मदतीच्या आवाहनाचे मुख्य साधन झाले ते बायफ्राच्या युद्धात, 1967 ते 1970 या काळात. 1984 साली इथिओपियातील दुष्काळाची बीबीसीवरची चित्रफीत आणि पुढच्या वर्षीचा ‘लाइव्ह एड’ कार्यक्रम यांनी त्याला जगभर पोचवले. पैसा अफाट जमला. पण त्याआधीच, 1981 मध्ये, यॉर्गन लिसनर या डॅनिश कार्यकर्त्याने अशा चित्रांच्या व्यापाऱ्यांना ‘दुःखाचे सौदागर’ म्हटले होते. 1989 मध्ये युरोपातील स्वयंसेवी संस्थांनी चित्रे आणि संदेश यांसाठी आचारसंहिता केली. 1994 च्या रेडक्रॉसप्रणीत आचारसंहितेतही आपत्तीत सापडलेल्यांना हताश वस्तू म्हणून नव्हे तर सन्मान असलेली माणसे म्हणून दाखवावे, असे कलम आले.

या संहितांचा रोख छायाचित्रांवर होता. शब्दांकडे लक्ष वळले ते वेगळ्या वाटेने. जॉर्ज लेकॉफ आणि मार्क जॉन्सन यांचे रूपकांवरचे पुस्तक 1980 साली आले. रूपक हा कवितेचा दागिना नसून रोजच्या विचाराची चौकट आहे, हे त्यांचे म्हणणे होते. त्यानंतर वृत्तपत्रांच्या भाषेचे अभ्यास सुरू झाले. ब्रिटनमधील लँकेस्टर विद्यापीठाच्या गटाने 1996 ते 2005 या काळातील निर्वासित व स्थलांतरितांविषयीचा सुमारे 14 कोटी शब्दांचा ब्रिटिश वृत्तपत्रीय मजकूर तपासला. ओटो सांता आना यांनी 2002 च्या पुस्तकात लॉस एंजेलिसच्या वृत्तपत्रीय भाषेचे असेच विश्लेषण केले. दोन्हीकडे पाणी वर आले : पूर, लाट, ओघ.

तीन प्रकारचे पाणी

मराठीत हे पाणी अधिक गुंतागुंतीचे आहे. माणसे आली की ‘लोंढा’ येतो. त्यांच्यासाठी धान्य, कपडे, पैसे आले की तो ‘मदतीचा ओघ’ असतो. पुढे त्यांची सोय लागली की त्यांना ‘मुख्य प्रवाहात’ आणले असे आपण म्हणतो. एकाच बातमीत हे तिन्ही शब्द सापडू शकतात आणि त्यात कुणाला विसंगती जाणवत नाही. लोंढा गढूळ आणि बेफाम, तो आपल्या अंगावर येतो. ओघ आपल्याकडून निघतो आणि तो चांगला. प्रवाह तर आधीपासूनच वाहतो आहे, तो आपलाच आहे, आणि नव्या माणसाने त्यात विरून जायचे आहे.

टीकाकारांचे म्हणणे असे की पाण्याच्या रूपकात माणसाला चेहरा राहत नाही, संख्या तेवढी उरते, आणि पुरापुढे एकच शहाणपण असते, बंधारा घालण्याचे. आपत्तीत मदत करणाऱ्या संस्थादेखील हीच भाषा वापरतात, यावर त्यांचा विशेष आक्षेप आहे. आक्षेप खरा आहे. युरोपीय संघाच्या 2001 च्या तात्पुरत्या संरक्षणाच्या निर्देशात मोठ्या संख्येने होणाऱ्या आगमनाला वापरलेली संज्ञा मुळात आत वाहून येण्याचीच आहे. दुसऱ्या बाजूने, छावणी चालवणारे लोक सांगतात की एका रात्रीत वीस हजार माणसे आली तर त्या घटनेचा वेग सांगायला भाषेत दुसरे काय आहे? पाण्याची टाकी, शौचालये, तांदूळ यांचा हिशेब संख्येवरच करावा लागतो. या उत्तरात तथ्य आहे. पण तो हिशेब ज्या अंतर्गत अहवालात व्हायचा तिथली भाषा वृत्तपत्रात आणि देणगीच्या पत्रकात आली की तिचे काम बदलते, हे या मंडळींनाही नाकारता येत नाही.

माझ्या वाचनात आलेल्या बहुतेक टीकांमध्ये एक गोष्ट निसटते. वाईट रूपक आणि चांगले रूपक अशी वाटणी करण्यापेक्षा त्या रूपकात कर्ता कोण, हे पाहिले तर बरेच काही उलगडते. लोंढ्यात पाणी कर्ता आहे आणि आपण संकटात आहोत. ओघात आपण कर्ते आहोत. मुख्य प्रवाहात तर आपण काही करायचीही गरज नाही. तिन्हींत निर्वासित माणूस स्वतः एकही क्रिया करत नाही.

आपल्याकडे देणगीसाठी रूढ असलेली बोली या दृष्टीने तपासण्यासारखी आहे. ‘खारीचा वाटा’ म्हणताना देणारा नम्र होऊन खार बनतो. पण सेतू रामासाठी बांधायचा असतो. घेणारा या चित्रात कुठेच नाही. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर देणगीदार संस्थांनी गावे ‘दत्तक’ घेतली. पुनर्वसनाचे काम मोठे झाले, त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. तरी शेकडो वर्षे नांदलेले गाव एका रात्रीत कुणाचे तरी मूल झाले, याची खंत त्या भागात बोलून दाखवणारे होते.

कॅम्पातून आलेली माणसे

फाळणीनंतर सिंधमधून निघालेली कुटुंबे मुंबई बंदरावर उतरली आणि तिथून लष्कराच्या रिकाम्या बराकींत गेली. कल्याणजवळच्या छावणीत नव्वद हजारांहून अधिक माणसे होती. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी तिचे नाव उल्हासनगर ठेवले. त्यातलीच काही कुटुंबे, आणि काही थेट, तेव्हाच्या मध्य प्रांत-वऱ्हाडात आली. अमरावतीचा रामपुरी कॅम्प, कंवरनगर, अकोल्याचा सिंधी कॅम्प या वस्त्या त्या काळाच्या. कंवरनगर हे नाव 1939 मध्ये सिंधमध्ये गोळ्या घालून मारलेल्या संत कंवरराम यांचे. पंचाहत्तर वर्षे झाली, तिथे दुमजली-तिमजली घरे उभी आहेत, पण पत्त्यात ‘कॅम्प’ कायम आहे. (अमरावतीत त्याच नावाचा दुसरा कॅम्प इंग्रजी अमलातला, साहेब लोकांचा. तिथे राहणाऱ्याला निर्वासित कुणी समजत नाही.)

फाळणीच्या निर्वासितांनी आपल्याविषयीच्या रूपकाला थेट उत्तर दिले, आणि जागतिक वादात या उदाहरणाची दखल फार थोडी आहे. उत्तर भारतातील छावण्यांमधल्या पंजाबी लोकांनी ‘शरणार्थी’ या संबोधनाला हरकत घेतली आणि स्वतःला ‘पुरुषार्थी’ म्हणवून घ्यायला सुरुवात केली. आपण आश्रय मागत फिरणारे नाही, आपल्या हिमतीवर उभे राहणारे आहोत, हा त्यामागचा भाव. सरकारनेही आपल्या कायद्यात, 1954 च्या नुकसानभरपाई व पुनर्वसनाच्या कायद्यात, ‘विस्थापित व्यक्ती’ असा कोरडा शब्द घेतला. उल्हासनगरच्या कारागिरांविषयीचा विनोद त्याच जातीचा : मालावर ‘मेड इन यूएसए’ असा शिक्का, आणि त्याचा अर्थ उल्हासनगर सिंधी असोसिएशन. ज्यांना बाजाराने हलके समजले त्यांनी बाजारालाच हसवून टाकले.

सिंधी समाजाचे पाण्याशी नाते तर अगदी उलटे. चैत्र शुद्ध द्वितीयेला, म्हणजे गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, चेटीचंडला झुलेलालची मिरवणूक निघते आणि बहराणा साहेब, म्हणजे पूजेचे तबक, पाण्यात सोडला जातो. झुलेलाल हा पाण्याचाच देव आहे. ज्यांना ‘लोंढा’ म्हटले गेले त्यांनी वाहत्या पाण्यात आपला मागे राहिलेला देश जपून ठेवला.

पुरुषार्थी या स्वप्रतिमेलाही दोन बाजू आहेत, हे इतिहासकारांनी दाखवले आहे. ती ज्यांना पेलली त्यांचे कौतुक झाले, ज्यांना नाही त्यांच्यावर आळशीपणाचा शिक्का बसला. पश्चिम बंगालमधील निर्वासितांवरचे जोया चॅटर्जी यांचे लेखन या बाबतीत पायाभूत मानले जाते. सरकार मदतीला दान समजत होते आणि निर्वासित तिला हक्क समजत होते, हा त्या वादाचा गाभा त्यांनी मांडला. फुकट शिधा दिला की माणूस ऐदी होतो, म्हणून काम लावा, हा सरकारी युक्तिवाद बंगाली निर्वासितांवर विशेषकरून चालवला गेला. उदिती सेन यांनी 2018 च्या पुस्तकात अंदमानापर्यंत त्याचा माग काढला आहे.

या गोष्टीचा एक तुकडा विदर्भात आहे. 1958 मध्ये दंडकारण्य प्रकल्प सुरू झाला आणि पूर्व बंगालच्या नमःशूद्र शेतकरी कुटुंबांना मध्य भारताच्या जंगलपट्ट्यात वसवायचे ठरले. रायपूरजवळच्या माना छावणीतून माणसे पुढे पाठवली जात. महाराष्ट्रात तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात, आजच्या गडचिरोलीतील चामोर्शी आणि मुलचेरा भागात, त्यांची गावे वसली. प्रकल्पाचे नावच वनवासाचे होते. वनवासाच्या कथेत माणूस एक दिवस परत जातो. इथे तशी सोय नव्हती, आणि ज्यांनी 1978 मध्ये दंडकारण्याच्या इतर भागांतून उठून सुंदरबनातील मरिचझापी बेट गाठले, त्यांच्यावर पुढच्या वर्षी पोलिसी कारवाई झाली. दुसरे असे की ज्या जंगलाला ओसाड अरण्य म्हणून रंगवले गेले तिथे माडिया आणि गोंड आधीपासून राहत होते. अरण्याच्या रूपकाने त्यांनाही पुसले. एका विस्थापिताला जागा देताना दुसऱ्याचे असणे पुसले जाणे, या मुद्द्यावर मदतसंवादाच्या अभ्यासात अजून पुरेसे बोलले गेलेले नाही.

एका बराकीत दोन पाहुणे

कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची गोष्ट या आढाव्यात घ्यायलाच हवी. सोव्हिएत रशियात हद्दपार केलेले, इराणमार्गे बाहेर पडलेले सुमारे पाच हजार पोलिश लोक 1943 पासून 1948 पर्यंत तिथल्या वसाहतीत राहिले. बहुतेक स्त्रिया आणि मुले. आज ही आठवण मोठ्या अभिमानाने सांगितली जाते. वॉर्सामध्ये कोल्हापूरचे स्मारक आहे आणि 2024 च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान तिथे जाऊन आले. या कथेचे मुख्य रूपक आहे पाहुणा. गुजरातेतील बालाचडीच्या पोलिश मुलांच्या बाबतीत ते तिथले संस्थानिक जामसाहेब यांच्या पितृत्वापर्यंत जाते.

पाहुणा हे रूपक निश्चितच लोंढ्यापेक्षा उजवे. त्याने माणसाला दाराशी न अडवता माजघरापर्यंत आणले. पण पाहुण्याला चूल मांडायची नसते, आणि वळिवड्याच्या लोकांनी तर आपल्या शाळा, चर्च, नाट्यगृह, बालवीर पथके स्वतः चालवली. खर्चाचा मोठा भाग लंडनमधील परागंदा पोलिश सरकारचा होता. यजमानाच्या गौरवात हा तपशील सहसा राहून जातो.

ते निघून गेल्यावर त्याच वसाहतीत सिंधी निर्वासित आले. आजचे गांधीनगर ते. घाऊक कापडाची मोठी बाजारपेठ म्हणून पश्चिम महाराष्ट्राला ते ठाऊक आहे. तीच जागा, तेच छप्पर, पण स्मरणात पहिले पाहुणे ठरले आणि दुसरे निर्वासित. याचे कारण वंश, अंतर, की पहिले परत गेले आणि दुसरे राहिले हे? मला तिसरे कारण सर्वांत बळकट वाटते. पाहुणा शेवटी जातो, म्हणूनच तो पाहुणा.

मूल

देणगीच्या आवाहनात सर्वांत प्रभावी प्रतिमा एका मुलाची, याबद्दल फारसा वाद नाही. 2007 मध्ये डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टीन आणि पॉल स्लोविक यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माली देशातील सात वर्षांच्या एका मुलीची माहिती वाचलेल्यांनी, लाखोंच्या उपासमारीची आकडेवारी वाचलेल्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त पैसे दिले. मुलीच्या माहितीला आकडेवारी जोडली तर देणगी उलट घसरली. सप्टेंबर 2015 मध्ये तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर सापडलेल्या सीरियन बालकाच्या छायाचित्रानंतर स्वीडनच्या रेडक्रॉसच्या सीरियन निर्वासित निधीत आठवडाभरात रोजची सरासरी देणगी सुमारे 55 पटींनी वाढली. सहा आठवड्यांत ती बरीच ओसरली.

दोन्ही पक्ष हेच आकडे आपल्या बाजूने वाचतात. निधी उभारणारे म्हणतात, त्या सहा आठवड्यांत जे तंबू घेतले गेले ते खरे आहेत. टीकाकार म्हणतात, सहा आठवड्यांत जे आटले तेही खरे आहे. शिवाय मूल हे रूपक म्हणून सगळ्या निर्वासितांवर पसरते. मग बाप, तरुण मुलगा, मत असलेला माणूस दिसला की वाचक बिचकतो, कारण त्याला निरागस मुलासाठी मदत द्यायची होती.

वलगावकरांना हे समजावून सांगायला सीरियापर्यंत जायला नको. अमरावतीहून परतवाड्याकडे जाणारा रस्ता गावातूनच जातो, आणि त्याच रस्त्याने 1993 पासून पत्रकार, डॉक्टर, मंत्री, मदतीचे ट्रक मेळघाटात जात आले आहेत. तिथले कोरकू आदिवासी निर्वासित नव्हेत. त्यांचे चित्रण मात्र जवळपास त्याच साच्यातून निघाले : हाडाचा सापळा झालेले मूल आणि मथळ्यात ‘कुपोषणाचा विळखा’. विळखा घालणारा साप असतो. सापाला जबाबदार कोण धरणार? रोजगार हमीची थकलेली मजुरी, बंद पडलेला रस्ता, नसलेला डॉक्टर ही कारणे त्या सापात गडप झाली. पत्रकार शीला बारसे यांच्यासारख्यांनी न्यायालयात नेलेले प्रकरण मात्र नेमके या कारणांची नावे घेऊन उभे राहिले. पुण्याच्या ‘मैत्री’ संस्थेने पावसाळ्यात स्वयंसेवक पाठवून ‘धडक मोहीम’ चालवली. शब्द लढाईचा, पण निदान त्यात काम करणारा दिसतो आणि काम काय तेही. तिथेही कर्ता बाहेरचा, हे म्हणायचे तर म्हणता येईल.

मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून उठवलेली गावे अकोला जिल्ह्याच्या अकोट-तेल्हारा भागात वसवली गेली. त्यांच्या बाबतीत ‘मुख्य प्रवाह’ हा शब्द सरकारी कागदांत भरपूर. सोयी मिळाल्या नाहीत, माणसे दगावली, अशी तक्रार करीत काही कुटुंबे पुन्हा जंगलातल्या जुन्या जागी गेली आणि जानेवारी 2019 मध्ये वनकर्मचाऱ्यांशी त्यांचा संघर्ष झाला. प्रवाहाच्या रूपकाला परत फिरणारे पाणी सांगता येत नाही.

साखर आणि आइन्स्टाइन

करुणेच्या चित्रांना पर्याय म्हणून गौरवाची चित्रे आली. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाने आइन्स्टाइनही निर्वासित होता असे सांगणारे भित्तिचित्र काढले. नव्वदच्या दशकात लेगोच्या बाहुल्यांची मालिका काढून, या घोळक्यातला निर्वासित ओळखा पाहू, असे विचारले. आपल्याकडे याच जातीची सर्वांत जुनी गोष्ट पारशांची आहे : संजाणचा राजा, काठोकाठ भरलेले दूध आणि त्यात विरघळलेली साखर. ही गोष्ट सोळाव्या शतकाच्या अखेरच्या ‘किस्सा-ए-संजाण’ या काव्यात नाही, ती मौखिक परंपरेतून वाढली. पण पारशांनी ती स्वतः सांगितली, हे महत्त्वाचे. तिबेटी लोकांचेही तसेच. भारत गुरू आणि तिबेट शिष्य, असे दलाई लामा वारंवार म्हणत आले. गोंदिया जिल्ह्यातील नोर्ग्येलिंग वसाहतीतील तिबेटी हिवाळ्यात विदर्भाच्या शहरांत स्वेटर विकायला बसतात, तेव्हा त्यांच्याकडे दयेने पाहणारा सहसा दिसत नाही. लोक भाव करतात. मला हा भाव करण्याचा व्यवहार सन्मानाचा वाटतो.

गौरवाच्या रूपकांवरचा आक्षेप मात्र गंभीर आहे. साखर गोड लागते म्हणून तिला जागा. ज्याच्यापासून काही गोडवा मिळणार नाही, त्या म्हाताऱ्याचे, आजाऱ्याचे, निरक्षर शेतमजुराचे काय? आश्रयाचा हक्क गुणांवर अवलंबून नसतो, असे हक्कवादी बजावतात. लिली चौलियाराकी यांनी 2013 च्या पुस्तकात आणखी पुढची तक्रार केली आहे. आजचे आवाहन दुसऱ्याच्या दुःखापेक्षा देणाऱ्याच्या स्वतःविषयीच्या भावनेवरच जास्त बोलते, असे त्यांचे निरीक्षण आहे.

मुकी केलेली माणसे

लीसा मल्की या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी ऐंशीच्या दशकात टांझानियातील बुरुंडीच्या हुतू निर्वासितांमध्ये काम केले. त्यांचा 1996 चा निबंध या क्षेत्रात सर्वाधिक चर्चिला गेलेल्यांपैकी आहे. मिशामो छावणीतील लोक आपला सगळा राजकीय इतिहास सांगायला उत्सुक होते, पण मदत अधिकाऱ्यांना ते ‘गोष्टी’ वाटत. अधिकाऱ्यांचा विश्वास जखमांवर होता, तोंडाच्या बोलण्यावर नव्हता. याउलट किगोमा शहरात राहणारे निर्वासित आपली ओळख झाकून इतरांसारखे जगू पाहत. मल्की यांचा निष्कर्ष असा की प्रश्न एखाद्या रूपकाच्या वाईटपणाचा नाही. मदतीची भाषा माणसाचा इतिहासच काढून घेते. कुणी, केव्हा, का हाकलले, हे गेले की उरतो तो नुसता ‘निर्वासित’, कुठल्याही देशाचा, कुठल्याही काळाचा.

महाराष्ट्रातील धरणग्रस्तांच्या चळवळीने हा धडा मल्की न वाचताच गिरवला होता. ‘धरणग्रस्त’ या नावातच कारण दाखवलेले आहे. बाबा आढाव यांच्यासारख्यांच्या नेतृत्वाखाली लोकांनी जमिनीच्या बदल्यात जमीन मागितली, दया मागितली नाही, आणि 1976 मध्ये राज्याला पुनर्वसनाचा कायदा करावा लागला.

रूपकाची ताकद किती

इथे एक थंड पाण्याचा शिपका आवश्यक आहे. रूपक बदलले की मत बदलते, याचा पुरावा वाटतो तितका पक्का नाही. 2011 मध्ये पॉल थिबोडो आणि लेरा बोरोडिट्स्की यांनी एका काल्पनिक शहरातील गुन्हेगारी काही वाचकांना ‘श्वापद’ म्हणून आणि काहींना ‘विषाणू’ म्हणून सांगितली. पहिल्यांनी पोलिसी उपाय जास्त सुचवले, दुसऱ्यांनी सामाजिक सुधारणा. 2014 मध्ये गेरार्ड स्टेन आणि सहकाऱ्यांनी तोच प्रयोग फिरून केला, तेव्हा त्यांना असा परिणाम आढळला नाही. वाद पुढे चालू राहिला. ख्रिस्तोफर हार्ट यांनी 2021 मध्ये तर असे दाखवले की स्थलांतरितांविषयीची टोकाची रूपके कधी वाचकाला उलट दिशेने ढकलतात.

म्हणजे शब्द बदलून धोरण बदलेल ही आशा भाबडी असू शकते. तरी एक सावधगिरी हवी. हे प्रयोग बहुतांशी इंग्रजी वाचकांवर, एकदाच वाचलेल्या छोट्या उताऱ्यावर झाले. वीस वर्षे रोज सकाळी ‘लोंढा’ वाचणाऱ्या माणसाविषयी ते काही सांगत नाहीत.

रूपकाविना आवाहन

या सगळ्या पक्षांबाहेरचे एक उदाहरण वलगावशीच जोडलेले आहे. 20 डिसेंबर 1956 रोजी अमरावतीकडे जाताना पेढी नदीजवळ, वलगावच्या शिवारात, गाडगेबाबांनी देह ठेवला. त्यांचा जो दशसूत्री संदेश आज भिंतींवर रंगवलेला दिसतो, त्यात भुकेल्याला अन्न, उघड्याला कपडा, बेघराला आसरा अशी सरळ यादी आहे. उपमा नाही, करुण चित्र नाही. गरज आणि तिची पूर्तता, एवढेच. शेवटी दुःखी-निराश माणसाला हिंमत आहे, म्हणजे ज्याला द्यायचे तो पुढे स्वतः काही करील हे गृहीत धरलेले.

त्याहून लक्षात घेण्यासारखे असे की बाबांनी गरिबाला देणगीदारापुढे उभे केले नाही. चिंध्यांची गोधडी आणि गाडगे त्यांनी स्वतः धारण केले. मदत मागणाराच गरजवंताच्या वेशात आला आणि ज्यांच्यासाठी मागितले त्यांची अब्रू झाकलेली राहिली. त्या पैशातून पंढरपूर, नाशिक, मुंबईच्या धर्मशाळा उभ्या राहिल्या. प्रत्येक संस्थेला हे जमणार नाही, आणि संत झाल्याशिवाय निधी गोळा करू नये असेही कुणी म्हणणार नाही. पण चित्राशिवाय पैसा मिळत नाही या विधानाला हा एक सज्जड अपवाद आहे.

काय सुटलेले नाही

2024 अखेर जगात 12 कोटींहून अधिक माणसे सक्तीने विस्थापित होती, आणि त्यातली बहुसंख्य आपापल्या देशाच्या हद्दीतच. भारताने 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. त्यामुळे आपल्याकडे आलेल्या माणसाचे काय व्हायचे हे कायद्याइतकेच त्याला काय म्हटले जाते यावर ठरते. रूपकाचा प्रश्न इथे म्हणूनच अधिक जड आहे.

छायाचित्राला संमती घ्यावी हे आता सर्वमान्य झाले आहे, पण आपल्याविषयीच्या रूपकाला संमती कोण देणार, यावर कुठलीही आचारसंहिता बोलत नाही. निर्वासितांनी स्वतः लिहिलेली आवाहने जास्त न्याय्य असतात का? साखरेची गोष्ट सांगणारे पारशी आणि पुरुषार्थी म्हणवणारे पंजाबी पाहता, ती जास्त सन्मानाची असतात, पण आपल्यातल्याच दुबळ्यांना ती मागे टाकू शकतात. आणि निधी व सन्मान यांची ओढाताण झाली तर वजन कशाला, यावर प्रत्यक्ष काम करणारे आणि अभ्यासक यांच्यात आजही एकमत नाही. माझा कल असा की पत्रकात निदान एका वाक्याचा कर्ता तो माणूस असावा, आणि एका वाक्यात तो इथे का आला याचे कारण असावे. एवढे केले तर रूपक कुठलेही चालेल.

मराठीतला पुरावा मात्र विखुरलेला आहे. छावण्यांतली पत्रके, देणगीच्या पावत्या, सिंधी पंचायतींची इतिवृत्ते, दंडकारण्यातील कुटुंबांची कागदपत्रे, मेळघाटातील संस्थांची तीस वर्षांची आवाहने, हे सारे माळ्यांवर आणि कपाटांत पडून आहे. संत गाडगेबाबांचेच नाव असलेल्या अमरावती विद्यापीठाच्या मराठी, इतिहास आणि समाजकार्य विभागांनी ते गोळा करायला घ्यावे. रामपुरी कॅम्पात दहाव्या वर्षी आलेला मुलगा आता नव्वदीला टेकला आहे. त्याला कुणी काय म्हटले आणि त्याने स्वतःला काय म्हटले, हे विचारायला फार वर्षे हातात नाहीत.